विद्यापीठाच्या अणुभट्टीचे नियम बदलतात तेव्हा

अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या अणुभट्ट्यांवर मागच्या अंकात लिहिलं, त्यावर आलेल्या पत्रांतली निवडक इथे घेतेय. बहुतेकांना एकच शंका आहे: परवाना एकदा मिळाल्यावर त्यातले नियम बदलतात कसे, आणि बदलू का देतात? अशा एका भट्टीच्या कन्सोलवर मी बरीच वर्षं सीनियर ऑपरेटर होते, त्यामुळे उत्तरं थोडी आतल्या गोटातली आहेत. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही.

प्रश्न : ताई, माझी मुलगी अमेरिकेत एमएस करते. तिच्या विभागापासून दोन इमारती सोडून विद्यापीठाची अणुभट्टी आहे. भट्टीच्या इंधनाचे आणि चालवण्याचे नियम बदलायला अर्ज केला आहे, असं विद्यापीठाच्या पत्रकात आलं. तिनं ते मला सहज पाठवलं आणि माझी झोप उडाली. नियम बदलायचे म्हणजे सैल करायचे, असंच ना? – एक आई

उत्तर : आधी भट्टीचा आकार सांगते, निम्मी धास्ती तिथेच कमी होईल. वीज बनवणाऱ्या मोठ्या भट्टीत तीन हजार मेगावॅटच्या वर उष्णता तयार होते. ओरेगॉन स्टेटची भट्टी १.१ मेगावॅटची, पेन स्टेटची १ मेगावॅटची आणि पोर्टलंडच्या रीड कॉलेजची अवघी २५० किलोवॅटची. वीज यातली एकही बनवत नाही. इथे न्यूट्रॉन हवे असतात, उष्णता हा नको असलेला उपद्व्याप. खोल पाण्याच्या टाकीत तळाशी इंधन, वर पाच-सहा मीटर पाणी, आणि कठड्यावरून वाकून पाहिलं तर खाली निळा उजेड दिसतो.

वर सांगितलेल्या तिन्ही भट्ट्या ट्रायगा जातीच्या. जनरल अ‍ॅटॉमिक कंपनीनं १९५६ साली एडवर्ड टेलर, फ्रीमन डायसन वगैरे भौतिकशास्त्रज्ञ मंडळींना बसवून हा आराखडा करून घेतला आणि पहिली ट्रायगा १९५८ मध्ये सॅन डिएगोत सुरू झाली. हिच्या इंधनात युरेनियमबरोबर झिर्कोनियम हायड्राइड एकजीव केलेलं असतं. इंधन तापलं की त्यातला हायड्रोजन न्यूट्रॉनना उलट वेग देतो, विखंडन (युरेनियमचे अणू फुटणं) आपोआप मंदावतं, आणि हे क्षणार्धात होतं, ऑपरेटरनं बटण दाबायची वाट न बघता. म्हणून तर यातल्या काही भट्ट्यांना मुद्दाम ‘पल्स’ मारायची परवानगी असते. एक नियंत्रक दांडी (या दांड्या न्यूट्रॉन शोषतात, खाली असल्या की भट्टी बंद राहते) हवेच्या दाबानं झटक्यात वर उडवायची, शक्ती काही मिलिसेकंदांपुरती हजार मेगावॅटच्या वर जाते आणि स्वतःच खाली येते.

आता नियम. परवान्याला एक परिशिष्ट जोडलेलं असतं, टेक्निकल स्पेसिफिकेशन्स. बोलताना सगळे ‘टेक स्पेक्स’च म्हणतात. त्यात थर असतात आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या थरांतच आहे. सगळ्यात तळाशी सेफ्टी लिमिट. स्टेनलेस स्टीलच्या आवरणाच्या ट्रायगा इंधनाला ते सहसा ११५० अंश सेल्सिअस असतं. त्यापुढे इंधनकांडीतल्या हायड्रोजनचा दाब आवरण फोडू शकतो. त्याच्या वर, म्हणजे तापमानानं कितीतरी खाली, भट्टी आपोआप बंद पडण्याचा आकडा. त्याच्याही वर रोज पाळायच्या अटी: सगळ्यात प्रभावी दांडी वरच अडकून बसली तरी बाकीच्यांनी भट्टी बंद ठेवता आली पाहिजे, सुटलेली दांडी ठरलेल्या वेळात तळाला पोचली पाहिजे, पाण्याची पातळी, पाण्याचं तापमान. मग तपासण्यांचं वेळापत्रक, मग आराखड्याच्या बाबी (कुठलं इंधन चालेल ते इथे लिहिलेलं असतं), आणि शेवटी माणसांची व्यवस्था: कोण हजर पाहिजे, कोण कुणाला जबाबदार.

मुलीला एवढंच विचारा, अर्जात कुठला थर हलतोय? माझ्या पाहण्यातल्या अर्जांमध्ये तळाच्या थराला हात लावणारे जवळजवळ नव्हतेच. बरेचसे वेळापत्रकाचे, नाहीतर इंधनाच्या वर्णनाचे.

वेळापत्रकाचं एक उदाहरण घ्या. प्रत्येक इंधनकांडी ठरावीक काळानं तपासावी लागते. कांडी पाऊण मीटरच्या आसपास लांब, जाडी पावणेचार सेंटिमीटर. लांब दांड्याच्या अवजारानं ती पाण्याखालीच पकडायची, जागेवरून वर काढायची आणि पाण्यातच बसवलेल्या मोजपट्टीच्या साच्यात सोडायची. ती वाकली आहे का, लांबली आहे का, ते डायलवर बघायचं. नेहमीच्या टेक स्पेक्समध्ये वाक एक सोळांश इंचापेक्षा जास्त निघाला, किंवा लांबी एक अष्टमांश इंचापेक्षा जास्त वाढली, की ती कांडी बाद. हाताखाली पाच मीटर पाणी, दांडा लवचिक, आणि खाली कांडीचं टोक पकडीत नीट बसलं की नाही ते दुर्बिणीतून बघायचं. पहिल्यांदा करणाऱ्याचे खांदे दुसऱ्या दिवशी बोलतात.

समजा भट्टीनं अर्ज केला की दरवर्षी सगळ्या कांड्या काढण्याऐवजी एक पंचमांश काढू, म्हणजे पाच वर्षांत सगळ्या होतील. कागदावर हे सैल वाटतं. पण चांगली कांडी जागेवरून हलवणं हीच तिला धोका पोचायची सगळ्यात मोठी संधी असते. पाण्यात निवांत उभी असलेली कांडी कुणाला काही करत नाही. अशा बदलाच्या बाजूनं मी आहे, पण एका अटीवर: एका कांडीत दोष सापडला की सगळ्या काढून बघायच्या, हे त्याच कलमात लिहिलेलं हवं. ते वाक्य नसेल तर माझा विरोध. तुमच्या मुलीच्या विद्यापीठाच्या अर्जात असं काही असेल तर तिला हे वाक्य शोधायला सांगा.

मंजुरी विद्यापीठ स्वतःची स्वतः देत नाही. आधी भट्टीची स्वतःची सुरक्षा समिती, मग अणुनियामक आयोग, म्हणजे एनआरसी. तिथून लेखी प्रश्न येतात, आणि ते प्रश्न वाचणं हा माझा आवडता उद्योग होता. एकदा आम्हाला विचारलं गेलं: तुमच्या गणितात टाकीचं पाणी तीस अंशांचं धरलंय, पण तुमच्याच टेक स्पेक्सप्रमाणे ते एकोणपन्नासपर्यंत चढू शकतं, तर गणित एकोणपन्नासला करून दाखवा. बरोबरच होतं. पाणी कधीच तेवढं तापत नसे, पण नियम जेवढी मुभा देतो तेवढ्याचा हिशोब द्यावाच लागतो. गणित पुन्हा झालं आणि मगच गाडी पुढे सरकली.

शेवटी मंजुरीबरोबर एक कागद येतो: अमुक पानं काढा, तमुक पानं घाला. नव्या पानावर जिथे शब्द बदललाय तिथे समासात उभी रेघ असते. कंट्रोल रूममधल्या फाइलमध्ये मी ती पानं बदलत असे तेव्हा आधी त्या रेघा मोजून घ्यायचे.

प्रश्न : मी वीज मंडळातून निवृत्त झालेला अभियंता. प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला आयोगाची परवानगी लागत असेल तर काम चालतं कसं? – एक वाचक

उत्तर : लागत नाही, आणि माझ्या मते तुमच्यासारख्यांनी नजर ठेवायची जागा तीच आहे. अमेरिकी नियमसंहितेत १० सीएफआर ५०.५९ असं कलम आहे, तोंडी ‘फिफ्टी फिफ्टीनाइन’. बदलानं टेक स्पेक्सला हात लागत नसेल आणि कलमात दिलेल्या आठ कसोट्यांपैकी एकीतही तो अडकत नसेल, तर विद्यापीठ तो स्वतः करू शकतं. अपघाताची शक्यता किरकोळपेक्षा जास्त वाढते का, परिणाम वाढतात का, परवान्यासाठी दिलेल्या सुरक्षा अहवालात कधी विचारच केला नाही असा नवा अपघात होऊ शकतो का, अशा त्या कसोट्या. उत्तरं लिहून ठेवावी लागतात आणि निरीक्षक आला की दाखवावी लागतात.

पंप बदलला, तक्त्यावर रेघा ओढणारा जुना रेकॉर्डर काढून नवा बसवला, तर सहसा काम इथेच मिटतं. पण कन्सोलच पूर्ण डिजिटल करायचा तर प्रकरण आयोगापर्यंत जाणार. पर्ड्यू विद्यापीठानं २०१९ मध्ये आपल्या छोट्या भट्टीची सगळी नियंत्रणयंत्रणा डिजिटल केली, अमेरिकेत असं पहिल्यांदाच झालं, आणि त्यासाठी आयोगाची मंजुरी घ्यावी लागली.

तुमच्या प्रश्नामागचा सूर मला कळला. १९५४ च्या अणुऊर्जा कायद्यातच लिहिलंय की संशोधन भट्ट्यांवर आयोगानं कमीत कमी नियमन लादावं, म्हणजे संशोधन आणि शिक्षण अडणार नाही. हे कलम शहाणपणाचं आहे. पण पंधरा-वीस वर्षांत असे छोटे-छोटे ‘स्वतःच मंजूर’ बदल साचत जातात. प्रत्येक बदल एकेकटा निर्दोष असतो. सगळे मिळून भट्टी मूळ अहवालातली राहिली आहे का, हे कुणी बसून बघत नाही. आमच्याकडे ते काम नेहमी ‘पुढच्या सहामाहीत’ असायचं.

वेळापत्रकातली लवचिकता मात्र उघड लिहिलेली असते. टेक स्पेक्समध्ये ‘वार्षिक’ म्हणजे जास्तीत जास्त पंधरा महिने, ‘सहामाही’ म्हणजे जास्तीत जास्त साडेसात, ‘तिमाही’ म्हणजे चार. सरासरी मात्र गाठावीच लागते. दर वर्षी पंधरा महिन्यांनी उरकायचं असं चालत नाही.

प्रश्न : मी बारावीत आहे. युरेनियम ९३ टक्के समृद्ध असेल तर ते बॉम्बच्या जवळचं, मग ते विद्यापीठात ठेवतातच कशाला? आणि इंधन बदलायला इतकी वर्षं का लागतात? – एक विद्यार्थी

उत्तर : ठेवतातच कशाला, हा प्रश्न अमेरिकी सरकारलाही पडला, जरा उशिरा. समृद्धी म्हणजे युरेनियममध्ये सहज फुटणाऱ्या युरेनियम-२३५ चा (थोडक्यात यू-२३५) वाटा. छोट्या जागेत भरपूर न्यूट्रॉन हवे असतील तर जास्त समृद्ध इंधन सोयीचं असतं, आणि पन्नास-साठच्या दशकात सगळ्यांनी सोय पाहिली. १९७८ मध्ये कमी समृद्ध इंधनाकडे वळायचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला आणि १९८६ मध्ये आयोगानं नियम केला: योग्य इंधन आणि सरकारी पैसा उपलब्ध झाला की विद्यापीठांनी २० टक्क्यांखालच्या इंधनावर यायचं. त्या नियमातले ते दोन ‘झाला की’ पुढची वीस वर्षं खाऊन गेले.

गंमत म्हणजे हा बदल नेहमीच्या दुरुस्तीच्या अर्जानं होत नाही. विद्यापीठ प्रस्ताव देतं आणि आयोग परवाना बदलण्याचा आदेश काढतो. फ्लोरिडा आणि टेक्सस ए अँड एम २००६ मध्ये, पर्ड्यू २००७ मध्ये, ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट २००८ मध्ये, विस्कॉन्सिन २००९ मध्ये अशा वळल्या.

आता उशीर का, ते. विखंडन होतं यू-२३५ चं. समृद्धी कमी केली की उरलेली जागा यू-२३८ घेतो आणि तो न्यूट्रॉन गिळतो. तेवढ्याच आकाराच्या कांडीत तेवढाच, किंबहुना थोडा जास्तच यू-२३५ बसवायचा तर एकूण युरेनियम कितीतरी दाट भरावं लागतं. ट्रायगात हे जमलं. साध्या कांडीत वजनाच्या ८.५ टक्के युरेनियम असतं, नव्या ‘३०/२०’ कांडीत ३० टक्के, समृद्धी मात्र २० च्या आत. सोबत थोडं एर्बियम घालतात, ते सुरुवातीचे जास्तीचे न्यूट्रॉन शोषून घेतं आणि हळूहळू जळून जातं. अशा दाट इंधनाचं सुरक्षा मूल्यमापन आयोगानं १९८७ मध्येच प्रसिद्ध करून ठेवलं होतं, त्यामुळे प्रत्येक विद्यापीठाला शून्यापासून सुरुवात करावी लागली नाही.

तरी गणित सगळं नवं करावं लागतं, आणि ते का ते तुझ्यासारख्या मुलानं नीट समजून घ्यावं. सुरक्षा अहवालात एक ‘कल्पनेतला सगळ्यात वाईट अपघात’ असतो. ट्रायगात तो सहसा असा: एक कांडी पाण्याबाहेर हवेत आहे आणि तिचं आवरण फुटलं. आतले वायू सुटले तर कुंपणाबाहेरच्या माणसाला किरणोत्साराची किती मात्रा मिळेल, ते काढायचं. नव्या कांडीत युरेनियम जास्त, म्हणून भट्टीत कांड्या कमी लागतात. कांड्या कमी आणि एकूण शक्ती तीच, म्हणजे प्रत्येक कांडीच्या वाट्याला जास्त शक्ती. जास्त शक्ती म्हणजे एका कांडीत जास्त विखंडन-अवशेष, म्हणजे अणू फुटून उरणारे किरणोत्सारी तुकडे. इंधन ‘सुरक्षित’ झालं आणि एका कांडीच्या अपघाताचा आकडा वाढला! मर्यादेच्या आत असतो, पण तो पुन्हा मांडावाच लागतो. त्याखेरीज सगळ्यात गरम कांडी आता वेगळ्या जागी येते, म्हणून तापमान मोजणारी कांडी कुठे ठेवायची तेही बदलतं.

इंधन बदलायचं आणखी एक, अगदी रोकडं कारण: जुनं मिळत नाही. ट्रायगाचं इंधन बनवणारा कारखाना जगात एकच, फ्रान्समधल्या रोमाँ गावी. नॉर्थ कॅरोलायना स्टेटची भट्टी वेगळ्याच घराण्याची, पल्स्टार. तिचं इंधन ४ टक्के समृद्ध. तिची जुळी बहीण बफलोला होती, ती १९९४ मध्ये बंद पडली. तिच्यासाठी बनलेलं ६ टक्क्यांचं इंधन वापरू द्या, म्हणून नॉर्थ कॅरोलायनाला परवान्यात बदल मागावा लागला. म्हणजे वरवर समृद्धी वाढवणारा अर्ज, पण ६ टक्के म्हणजे २० च्या मर्यादेच्या कितीतरी खालीच.

एमआयटीची ६ मेगावॅटची आणि मिझुरीची १० मेगावॅटची भट्टी मात्र अजून जास्त समृद्ध इंधनावरच आहेत. त्यांचा गाभा, म्हणजे इंधन बसतं तो भाग, इतका आटोपशीर आहे की ट्रायगाची युक्ती तिथे चालत नाही. युरेनियम-मॉलिब्डेनमचं फार दाट इंधन लागतं आणि ते अजून कारखान्यातून नियमित बाहेर पडत नाही. मिझुरीच्या भट्टीतून कॅन्सरच्या औषधात लागणारं ल्युटेशियम-१७७ निघतं, त्यामुळे ती बंद ठेवा असंही कुणी सहज म्हणू शकत नाही. मला विचारशील तर पन्नास वर्षं हा फार मोठा काळ झाला.

प्रश्न : रीड कॉलेजात पदवीचे विद्यार्थी भट्टी चालवतात हे खरं? – एक शिक्षिका

उत्तर : खरं. १९६८ पासून. इतिहास-साहित्य शिकणारेही असतात. आयोगाची लेखी परीक्षा, तोंडी परीक्षा आणि प्रत्यक्ष चालवून दाखवणं, हे सगळं पार पडल्याशिवाय लायसन्स नाही. टेक स्पेक्सची पानं बदलली की लायसन्स असलेल्या सगळ्यांना नवी पानं शिकावी लागतात, विद्यार्थी असो की संचालक.

प्रश्न : मी ओहायोत राहतो. संशोधन भट्ट्यांच्या परवान्यांना आता मुदतच उरली नाही असं ऐकलं. हे जरा अतीच नाही का? – एक वाचक

उत्तर : ऐकलंत ते बरोबर. पूर्वी साधारण वीस वर्षांनी नूतनीकरण करावं लागे आणि त्यात विद्यापीठाची दोन-तीन माणसं वर्षानुवर्षं अडकून पडत. २०२४ च्या अखेरीला आयोगानं नियम बदलून संशोधन भट्ट्यांच्या परवान्याची मुदत काढून टाकली, आणि त्याबदल्यात सुरक्षा अहवाल दर पाच वर्षांनी अद्ययावत करणं बंधनकारक केलं. मला हे पटतं. वर अभियंते वाचकांना जे साचणाऱ्या बदलांचं सांगितलं, त्यावर वीस वर्षांनी एकदा भूतकाळ उकरण्यापेक्षा दर पाच वर्षांनी अहवाल समोर ठेवणं बरं. फक्त तो अहवाल लिहिणारा माणूस जागेवर पाहिजे, आणि विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात कात्री सगळ्यात आधी त्याच जागेवर पडते.

प्रश्न : मेरीलँडच्या सरकारी भट्टीत २०२१ मध्ये नियम असूनही इंधन वितळलं. मग या कागदांचा उपयोग काय? – एक वाचक

उत्तर : ती भट्टी विद्यापीठाची नाही, गेथर्सबर्गच्या एनआयएसटी या संस्थेची, २० मेगावॅटची. पण प्रश्न रास्त आहे. जानेवारीत इंधन बदललं तेव्हा एक कांडी तिच्या खिटीत पूर्ण अडकली नव्हती. ३ फेब्रुवारीला भट्टी पूर्ण शक्तीकडे नेताना ती जागेवरून हलली, तिला पुरेसं थंड पाणी मिळालं नाही, आणि आवरणाच्या तापमानाचं सेफ्टी लिमिट, म्हणजे मघाशी सांगितलेला सगळ्यात तळाचा थर, ओलांडला गेला. भट्टी लगेच बंद पडली, बाहेर गेलेली मात्रा मर्यादेत होती. पुन्हा सुरू करायची परवानगी मिळाली मार्च २०२३ मध्ये.

संस्थेनं स्वतः शोधलेली कारणं वाचण्यासारखी आहेत: जुनी माणसं निवृत्त झाली आणि प्रशिक्षण त्या वेगानं चाललं नाही, खिटी तपासण्याची खरी पद्धत कार्यपद्धतीच्या कागदात पूर्ण उतरलीच नव्हती, ती जुन्या लोकांच्या हातात होती, आणि कागदाप्रमाणे काम होतंय का, यावर देखरेख ढिली होती. म्हणजे तळाचा आकडा बरोबर होता, त्याच्यापर्यंत पोचू न देणारे वरचे थर पातळ पडले. म्हणून इंधनाचा नियम बदलायचा अर्ज हातात आला की मी आधी आकडे बघत नाही. शेवटचं प्रकरण उघडते, माणसांचं: इंधन हलवताना कोण हजर हवं, आणि कांडी बसल्याची खात्री एकानं करायची की दोघांनी, वेगवेगळी.

प्रश्न : असे अर्ज सामान्य माणसाला वाचायला मिळतात का? – वरच्याच आईंचं दुसरं पत्र

उत्तर : मिळतात, फुकट. एनआरसीच्या सार्वजनिक दस्तऐवज संग्रहात प्रत्येक भट्टीला डॉकेट क्रमांक असतो, ओरेगॉन स्टेटचा ५०-२४३. तो टाकला की अर्ज, आयोगाचे प्रश्न, विद्यापीठाची उत्तरं आणि शेवटचा मूल्यमापन अहवाल तारखेप्रमाणे लागतात. वेळ थोडा असेल तर फक्त प्रश्न आणि त्यांची उत्तरं वाचा. खरा वाद तिथेच असतो. भट्टीच्या पहाऱ्याची योजना मात्र त्यात सापडणार नाही, ती बाहेर देत नाहीत.